नळ्यांच्या खाली काय घालता?

इंग्लंडमध्ये घर वाढवायचं ठरलं की ते बहुधा मागे, बागेच्या दिशेने वाढतं. १९३०च्या दशकात बांधलेल्या सेमी-डिटॅच्ड घरांची रचनाच तशी आहे. पुढे बैठकीची खोली, मागे चिंचोळं स्वयंपाकघर आणि त्याच्या दाराबाहेर लांबट बाग. त्या बागेत तीन मीटर पुढे यायचं, जुनी मागची भिंत पाडून तिच्या जागी पोलादी तुळई टाकायची, छतात काचेची खिडकी बसवायची आणि बागेकडची बाजू सरकत्या काचेच्या दारांनी मोकळी करायची. हॅरो, स्लाव, मिल्टन कीन्स इकडे राहणारी मराठी कुटुंबंही घर वाढवतात ते याच धर्तीवर.

अशा खोलीत रेडिएटर टांगायला भिंतच उरत नाही. शिवाय घरात चप्पल-बूट न घालण्याची आपली सवय. डिसेंबरात पोर्सेलीनची लादी अनवाणी पायांना सोसत नाही. मग फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या, म्हणजे अंडरफ्लोअर हीटिंग, घ्यायचं ठरतं. निर्णय चांगलाच आहे. पण त्यानंतर घरात जी चर्चा होते ती लाद्यांच्या रंगाची, थर्मोस्टॅटची, मोबाइलवरून हीटिंग चालू करता येईल का याची. नळ्यांच्या खाली काय येणार, याबद्दल ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ‘इन्सुलेशन नियमाप्रमाणे’ एवढी एक ओळ असते आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ही खोली पुढची पन्नास वर्षं कशी उबदार राहील ते मात्र त्याच ओळीवर ठरतं. लादी बदलता येते, बॉयलर बदलता येतो, काचाही बदलता येतात. फरशीखालचा थर बदलायचा तर आख्खी फरशी फोडावी लागते.

‘उष्णता वर जाते’ हे वाक्य शाळेपासून डोक्यात असतं, त्यामुळे नळ्यांची ऊब आपोआप खोलीत येईल असं वाटतं. वर जाते ती गरम हवा. घन पदार्थात उष्णतेला वर-खाली असं काही नसतं. जिकडे थंड आणि जिकडे वाट सोपी, तिकडे ती जाते. दक्षिण इंग्लंडमध्ये खोलवरची माती वर्षभर साधारण १० अंश सेल्सिअसला असते. नळ्या ज्या सिमेंट-वाळूच्या थरात असतात त्याला इथे स्क्रीड म्हणतात. हीटिंग चालू असताना तो ३० अंशांच्या आसपास असतो. वर २० अंशांची खोली आणि खाली १० अंशांची माती. म्हणजे खालची ओढ वरच्या ओढीच्या दुप्पट. गरम पातेलं कडाप्प्याच्या ओट्यावर नुसतंच ठेवलं तर बूड पाहता पाहता निवतं आणि खाली जाड घडीचं फडकं घातलं तर तासभर गरम राहतं. फरशीखालच्या इन्सुलेशनचं काम त्या फडक्याचं आहे.

किती जाड, हे आकड्यांत पाहू. इथे सर्रास वापरलं जाणारं इन्सुलेशन म्हणजे पीआयआर, दोन्ही बाजूंना चंदेरी फॉइल असलेले पिवळसर फेसाचे कडक बोर्ड. त्याची उष्णतावाहकता ०.०२२ आहे. थराची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला या आकड्याने भागलं की त्याचा उष्णतारोध मिळतो: १०० मिलिमीटरला ४.५, २५ मिलिमीटरला जेमतेम १.१. नळ्यांच्या वरच्या बाजूचा रोध मात्र अगदी थोडा. वरचं स्क्रीड, लादी आणि लादीवरचा हवेचा पातळ थर असं सगळं मिळून ०.१३ धरा. मग ३० अंशांच्या स्क्रीडमधून दर चौरस मीटरला वर साधारण ७७ वॅट जातात. खाली किती जातात ते जाडीवर: २५ मिलिमीटर पीआयआरमधून १७.६ वॅट, ५० मधून ८.८, १०० मधून ४.४ आणि १५० मधून २.९. मातीचा स्वतःचा रोध मी इथे धरलेला नाही. तो खोलीच्या मध्यावर बराच असतो आणि कडेला नगण्य, त्यामुळे कडेच्या पट्ट्यासाठी हेच आकडे खरे मानलेले बरे.

उदाहरणादाखल ६ मीटर रुंद, ३ मीटर खोल खोली घ्या, १८ चौरस मीटरची. स्वयंपाकघराच्या कपाटांखाली आणि फ्रीजखाली नळ्या घालत नाहीत, तेव्हा गरम होणारी फरशी १३ चौरस मीटर. वर खोलीला १ किलोवॅट मिळतो. खाली जमिनीत २५ मिलिमीटरच्या थराने सुमारे २३० वॅट जातात, १५० मिलिमीटरने ४० सुद्धा नाहीत. थंडीच्या एका मोसमात हीटिंग १,८०० तास चाललं असं धरलं तर या दोन फरशांमध्ये जवळपास ३४० युनिट उष्णतेचा फरक पडतो, दरवर्षी. वर लादीऐवजी गालिचा असेल तर हिशोब आणखी बिघडतो. १.५ टॉगचा गालिचा, म्हणजे ०.१५ रोध, वर टाकला की वरची वाट दुपटीहून जास्त अवघड होते. तेवढीच ऊब मिळवायला स्क्रीड आणखी तापवावं लागतं आणि खालची गळती वाढते.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या ५० मिलिमीटरनी जो फायदा होतो तो पुढच्या ५० नी होत नाही, आणि त्यापुढच्या ५० नी आणखी कमी. मग १५० चा आग्रह कशाला, १०० पुरे की, असं ठेकेदार म्हणेल. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतल्या ‘पार्ट एल’प्रमाणे, १५ जून २०२२ पासून जुन्या घराला जोडलेल्या नव्या फरशीची यू-व्हॅल्यू, म्हणजे तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे दर चौरस मीटरला गळणारे वॅट, ०.१८ किंवा त्याहून कमी असावी लागते (आधी ०.२२ चालत होती), आणि अशा खोलीत १०० मिलिमीटरच्या आसपास पीआयआर घातलं की ती साधते. त्यामुळे ठेकेदाराचं म्हणणं नियमाला धरूनच असतं. तरीही मी १५० ला चिकटून राहीन, कारण नियम सांगतो ती किमान मर्यादा आहे, आणि आपल्या खोलीचा आकारच तिच्याविरुद्ध आहे.

जमिनीतून उष्णता सरळ खाली पाताळात जात नाही. ती फरशीच्या कडेखालून वळसा घेऊन बाहेरच्या थंड हवेकडे जाते. त्यामुळे फरशीच्या क्षेत्रफळापेक्षा तिची उघडी कड किती, हे जास्त महत्त्वाचं. यू-व्हॅल्यू काढताना परिमिती भागिले क्षेत्रफळ हे गुणोत्तर घेतात ते यासाठीच. ६ बाय ८ मीटरच्या जुन्या सेमी-डिटॅच्ड घराची एक बाजू शेजाऱ्याला लागून, म्हणून उघडी कड २० मीटर, क्षेत्रफळ ४८, गुणोत्तर ०.४२. मागच्या नव्या खोलीची उघडी कड १२ मीटर, क्षेत्रफळ १८, गुणोत्तर ०.६७. घराला चिकटवलेली ही लहान, तीन बाजूंनी उघडी खोली दर चौरस मीटरमागे जुन्या घराहून जास्त गळते. आणि नळ्या नेमक्या तिच्याच फरशीत.

इन्सुलेशनची जाडी खरी ठरते ती खोदाईच्या वेळी. नव्या खोलीची लादी जुन्या घराच्या लादीशी एका पातळीत यायला हवी, म्हणून मोजायचं वरून खाली. लादी आणि तिचा चिकटा १५ मिलिमीटर, स्क्रीड ६५, इन्सुलेशन १५०, काँक्रीटचा स्लॅब १००, वाळूची गादी ५०, खाली ठोकून बसवलेलं सोलिंग १५०. बेरीज ५३० मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त. वाळू आणि स्लॅबच्या मध्ये ओल अडवणारा १,२०० गेजचा प्लॅस्टिक कागद येतो. त्याची जाडी मोजण्याजोगी नसली तरी तो विसरून चालत नाही. जिथे जवळ मोठी झाडं आणि चिकणमाती आहे तिथे जमीन फुगते-आकसते, म्हणून फरशी तुळया-ब्लॉकवर अधांतरी बांधतात. तिथे बेरीज वेगळी निघते, पण मोजायचं वरूनच.

आता समजा मजुरांनी अंदाजाने ४८० पर्यंतच खोदलं. काँक्रीटची गाडी उद्या सकाळी येणार आहे. सोलिंग कमी करता येत नाही, स्लॅब पातळ करता येत नाही, स्क्रीडची जाडी नळ्यांमुळे ठरलेली आणि लादीची पातळी तर दारात उघड दिसणारी. खोदाई कमी पडली की बळी जातो तो इन्सुलेशनचाच. ५० मिलिमीटर जास्त खोदायचं म्हणजे या खोलीत एक घनमीटरहूनही कमी माती. पहिल्या दिवशी ती अर्ध्या तासात निघते. म्हणून नकाशावर फरशीच्या थरांचा छेद आकड्यांसह काढून घ्या आणि तो खोदणाऱ्याच्या हातात द्या. घरमालकाने या सगळ्या कामात एकच गोष्ट स्वतः करायची असेल तर टेप घेऊन खड्ड्याची खोली मोजावी, चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी.

त्याच वेळी जुन्या मागच्या भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा दिसतील, त्यांच्याकडे लक्ष द्या. जुन्या घराची फरशी लाकडी असते, तुळयांवर उचललेली, आणि तिच्याखालच्या पोकळीत वारा खेळता ठेवायला या विटा असतात. त्यांच्यासमोर भरीव काँक्रीटची फरशी आली की वारा बंद होतो, ओल साचते आणि काही वर्षांत लाकूड कुजतं. यावर उपाय म्हणजे त्या विटांपासून प्लॅस्टिकचे पाइप नव्या फरशीखालून बागेकडच्या नव्या भिंतीपर्यंत न्यायचे. पण जानेवारीत त्या पाइपांतून बाहेरची थंड हवा वाहणार. ते इन्सुलेशनच्या थरातून नेले, बोर्ड कापून त्यांना वाट करून दिली, तर गरम फरशीच्या पोटाशी थंड हवेची वाहिनी ठेवल्यासारखं होतं. पाइप सोलिंगमध्ये किंवा स्लॅबमध्ये जायला हवेत आणि त्यांच्यावर इन्सुलेशनचा पूर्ण थर अखंड राहायला हवा.

पीआयआरऐवजी थर्माकोल, म्हणजे इथलं ईपीएस, चालतं का? चालतं, पण त्याची उष्णतावाहकता ०.०३० ते ०.०३८ असल्याने तेवढ्याच रोधासाठी जवळपास दीडपट जाडी लागते. खोदायला मोकळीक असेल तर तो स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. एवढ्या मऊ वस्तूवर काँक्रीट, ग्रॅनाइटचा ओटा, माणसं हे सगळं कसं पेलणार, ही शंका मात्र सोडून द्यावी. ७५ मिलिमीटर जाड स्क्रीडचं वजनसुद्धा चौरस मीटरला दीडशे किलो, म्हणजे दाब दीड किलोपास्कल. फरशीत वापरायचं ईपीएस किंवा पीआयआर १०० किलोपास्कलच्या घरातला दाब पेलतं. बोर्ड चिरडण्याची भीती नाही. धोका आहे तो खालचा स्लॅब उंच-सखल असण्याचा. बोर्ड पाय दिल्यावर डगमगला तर त्याच्याखाली पोकळी आहे, आणि पुढे नेमकं तिथेच स्क्रीडला तडा जाईल. स्लॅब सपाट नसेल तर वाळूने किंवा लेव्हलिंग कंपाउंडने आधी तो सारखा करून घ्यायचा.

बोर्ड बसवण्याचा दिवस म्हणजे या कामातला सगळ्यात कसोटीचा दिवस, आणि तो अनेकदा सगळ्यात घाईने उरकला जातो. बोर्ड १.२ बाय २.४ मीटरचे असतात. ते करवतीने कापून, एकमेकांना घट्ट टेकवून बसवायचे. कापताना कड तिरकी गेली आणि दोन बोर्डांमध्ये ५ मिलिमीटरची फट राहिली, तर ओतलेलं ओलं स्क्रीड त्या फटीत उतरतं आणि घट्ट होतं. स्क्रीडची उष्णतावाहकता १.२ धरली तर ती पीआयआरच्या चोपन्नपट होते. प्रत्येक बोर्डाभोवती अशी फट असेल तर ती फरशीच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम ०.६ टक्के भरते, पण तिच्यातून जाणारी उष्णता मोजली की एकूण गळती तिसऱ्या हिश्श्याने वाढलेली निघते. १५० मिलिमीटरचे पैसे देऊन काम मात्र ११०-११५ चं मिळतं. म्हणून १५० चा एक थर घालण्याऐवजी ७५ चे दोन घालावेत, वरच्याचे सांधे खालच्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे सरकवून. एखादी फट राहिलीच तर ती खालपर्यंत जात नाही. उरलेल्या फटींत फोम भरायचा, तो सुकला की सुरीने सपाट कापायचा, सांध्यांवर फॉइलची टेप. त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा. स्क्रीडमधलं पाणी अल्कधर्मी असतं आणि बोर्डांच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलला ते खातं.

मग कडा. भिंतीलगत चारही बाजूंनी २५ मिलिमीटर जाड पीआयआरची पट्टी उभी लावायची, इन्सुलेशनच्या थरापासून लादीच्या पातळीपर्यंत. ती नसेल तर गरम स्क्रीड भिंतीच्या आतल्या ब्लॉकला थेट टेकतं आणि ऊब तिथून भिंतीच्या पायात उतरते. नळ्यांबरोबर येणारी ८-१० मिलिमीटरची मऊ फोमची पट्टी स्क्रीडला तापल्यावर प्रसरण पावायला जागा देते. ती लागतेच, पण तिच्यावर भागवू नका. भिंतीचा फरशीच्या पातळीवरचा ब्लॉक जड काँक्रीटचा न घेता हलक्या, सच्छिद्र जातीचा घ्यावा आणि भिंतीच्या पोकळीतलं इन्सुलेशन फरशीच्या इन्सुलेशनच्या खालपर्यंत उतरलेलं असावं.

दोन जागा हमखास राहून जातात. एक म्हणजे बागेकडचं मोठं दार. तिथे उंबरठा नको असतो, आतली लादी आणि बाहेरचा अंगणाचा दगड एका पातळीत हवा असतो, आणि त्या नादात स्लॅब किंवा स्क्रीड सरळ दाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला भिडवलं जातं. हिवाळ्यात सकाळी त्या चौकटीच्या आतल्या कडेवर पाण्याचे थेंब दिसतात ते यामुळे. दुसरी जागा पाडलेल्या जुन्या भिंतीची. भिंत जाते, पण तिचा विटांचा पाया फरशीखाली तसाच असतो, बाजूच्या थंड पोकळीला लागून. नवी फरशी आणि तो पाया यांच्यामध्येही उभी पट्टी हवी. इथे भिंत दिसत नसल्यामुळे ती कुणाला आठवत नाही.

इन्सुलेशन स्लॅबच्या वर की खाली, असा प्रश्न वास्तुविशारद विचारतात. खाली घातलं तर स्लॅब आणि स्क्रीड दोन्ही नळ्यांबरोबर तापतात. आपल्या १३ चौरस मीटरच्या फरशीत नुसतं ६५ मिलिमीटर स्क्रीड असेल तर १ किलोवॅटने ते एक अंश तापायला साधारण २५ मिनिटं लागतात. २० वरून २८ वर जायला तीन-साडेतीन तास. खाली १०० मिलिमीटर स्लॅबही तापवायचा असेल तर तेवढ्यासाठीच साडेनऊ तास. अमेरिकेत मॅडिसन इथे १९३७ साली बांधलेल्या जेकब्स घरात फ्रँक लॉइड राइट यांनी नळ्या तर स्लॅबच्याही खाली, खडीच्या थरात घातल्या होत्या. ते घर वास्तुकलेच्या इतिहासात अढळ आहे, पण आज कुणी तशी फरशी घालू नये. हीट पंप असेल आणि तो दिवस-रात्र मंद चालवायचा असेल तर जड फरशी चालते, काही वेळा बरीही पडते. पण काचेच्या खोलीत मार्चमधलं ऊन अचानक आत येतं आणि जड फरशी त्यानंतरही तासन् तास ऊब सोडत राहते. सकाळ-संध्याकाळ वापरायच्या स्वयंपाकघरासाठी मी इन्सुलेशन स्लॅबच्या वर, स्क्रीडच्या लगेच खाली घेईन.

हे सगळं नीट झालं तर नळ्यांत कोमट पाणी पुरतं. बॉयलरचं ६०-७० अंशांचं पाणी मिसळणाऱ्या व्हॉल्व्हने ४० च्या आसपास आणता येतं, आणि पुढे कधी हीट पंप बसवला तर तो कमी तापमानाच्या पाण्यावरच काटकसरीने चालतो. फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर नेऊ नये, असं युरोपीय मानक सांगतं. त्या तापमानालाही २० अंशांच्या खोलीत ती चौरस मीटरला १०० वॅट देते, जे नीट बांधलेल्या खोलीला पुरून उरतं.

नळ्या १६ मिलिमीटर व्यासाच्या, १५० मिलिमीटरच्या अंतराने. या खोलीला सुमारे ८७ मीटर, आणि मॅनिफोल्डपर्यंतची, म्हणजे सगळ्या नळ्या जिथे जोडल्या जातात तिथपर्यंतची, जा-ये धरून शंभरीपलीकडे, म्हणून त्यांचे दोन फेरे करावेत. स्क्रीड ओतण्याआधी नळ्यांत दाब भरून ठेवायचा आणि ओततानाही तो काट्यावर दिसत राहू द्यायचा. कुणाच्या फावड्याने नळी फाटली तर त्याच क्षणी कळतं. बोर्ड, कडेच्या पट्ट्या, नळ्या यांचे फोटो भिंतीपासूनची मापं दिसतील असे काढून ठेवा. पुढे ओट्याचा पाया किंवा दाराचा स्टॉपर बसवायला ड्रिल मारताना तेच उपयोगी पडतात.

सिमेंटचं स्क्रीड ओतल्यावर २१ दिवस हीटिंग लावायचं नाही. मग तीन दिवस २५ अंशांचं पाणी, त्यानंतर चार दिवस ठरलेल्या कमाल तापमानाचं. स्क्रीड वाळण्याचा ठोकताळा पहिल्या ५० मिलिमीटरना दिवसाला एक मिलिमीटर आणि पुढे त्याहून संथ, म्हणजे ६५ मिलिमीटरला अडीच महिन्यांहून जास्त. ओलावा मोजून घ्या आणि आकडा जुळल्यावरच लादी लावणाऱ्याला बोलवा.